प्रशिक्षक झालेल्या खेळाडूचे आत्मकथन कसे वाचावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कागल तालुक्यातील सव्विशीतल्या एका माजी पैलवानाचा गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि त्याची कुस्ती थांबली. आता तो पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत पाळीची नोकरी करतो, आणि गावच्या तालमीतील मंडळी मुलांना शिकवण्यासाठी त्याच्या मागे लागली आहेत. याच सुमारास त्याच्या हाती प्रशिक्षक झालेल्या एका खेळाडूचे प्रेरक आत्मकथन पडले. त्यातून त्याने चार धडे वहीत उतरवून घेतले : पहाटे चारला उठणे, कधीही हार न मानणे, ध्येयासाठी सर्वस्व पणाला लावणे आणि पराभवाला गुरू मानणे. हे धडे मुलांपुढे ठेवावेत का, आणि मोठे पदक पदरी नसलेल्या माणसाने वस्ताद व्हावे का, असे त्याने विचारले आहे.

मी कोल्हापुरात आधी मातीवर आणि नंतर मॅटवर लढलो आणि आता बरीच वर्षे मुलांना शिकवीत आहे. अशी आत्मकथने मी आवडीने वाचतो आणि तालमीतल्या मुलांनाही वाचायला देतो, तेव्हा त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. तथापि तुमच्या वहीतील चारही धडे पुस्तकाच्या पूर्वार्धातून, म्हणजे लेखक स्वतः लढत होता त्या काळातून आलेले दिसतात, आणि तुमच्यापुढचा प्रश्न मात्र उत्तरार्धाचा आहे. खेळाडू ज्या गुणांच्या बळावर जिंकतो त्यांतील बरेचसे गुण प्रशिक्षक होताना त्याला बाजूला ठेवावे लागतात. चांगल्या आत्मकथनात हा भाग कोठेतरी आलेलाच असतो, पण तो चार-दोन पानांत उरकलेला असतो, कारण अंतिम लढतीचे वर्णन जसे रंगते तसे एखाद्या मुलाची पायाची चूक महिनोन्महिने दुरुस्त करीत बसण्याचे वर्णन रंगत नाही. तुम्ही ते पुस्तक पुन्हा हाती घ्या आणि लेखकाने खेळणे सोडले तेथून पुढे सावकाश वाचा. तोपर्यंत तुमच्या चार धड्यांविषयी माझे मत सांगतो.

पहाटे चारच्या धड्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. जुन्या तालमीत पैलवान पहाटे उठत असत हे खरे आहे, पण ते रात्री लवकर झोपत, सकाळची मेहनत आटोपून जेवत आणि दुपारी पुन्हा ताणून देत. तालीम हेच त्यांचे घर होते. तुमच्या गावचा मुलगा शाळा, मग शिकवणी आणि मग मोबाइल असे करून अकराला अंथरुणाला पाठ टेकतो. त्याला चारला उठवले तर त्याच्या वाट्याला पाच तासांची झोप येते, आणि वाढत्या वयात आठ ते दहा तासांची झोप लागते असे वैद्यकशास्त्र सांगते. झोप तुटलेला मुलगा जोर मारतो, पण त्याची वाढ होत नाही, दुखापती मात्र वाढतात. सकाळी सहाची वेळ ठेवा आणि रात्री नऊला मोबाइल घरातल्या मोठ्यांच्या हाती देण्याची अट घाला. ही अट पाळून घेणे पहाटे चारला उठवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, हे तुम्हाला आठवड्याभरात कळेल.

‘कधीही हार न मानणे’ या धड्याविषयी मात्र जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण तुमच्या गुडघ्याचे दुखणे बहुधा याच धड्यातून आलेले आहे. गुडघा सुजलेला असताना हळद-तेल चोळून, पट्टी आवळून जत्रेच्या मैदानात उतरणारे पैलवान आपण सर्वांनी पाहिले आहेत, आणि मैदानानंतर त्यांच्या नावाने झालेला गजरही ऐकला आहे. आत्मकथनात अशा प्रसंगाला एक सबंध प्रकरण मिळते, कारण लिहिणारा त्यातून निभावून गेलेला असतो. जे निभावले नाहीत त्यांनी पुस्तक लिहिलेले नाही. गुडघ्यातील पुढच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाल्यावर किमान नऊ महिने लढतीत उतरू नये, आणि दुखावलेल्या पायाची मांडी दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के ताकदीला आल्याशिवाय तर मुळीच उतरू नये, असा आज सर्वसाधारण वैद्यकीय संकेत आहे. हे नऊ महिने पाळायला लावणे हे वस्तादाचे काम आहे. मुलगा ते आपणहून पाळणार नाही, आणि त्याच्या वडिलांना पुढच्या महिन्यातील मैदान दिसत असते. खेळाडूने हार मानू नये हे ठीक, पण त्याच्या वतीने योग्य वेळी ‘आज नाही’ असे म्हणणारा माणूस काठावर असावा लागतो, आणि त्या माणसाला त्या क्षणी कोणी टाळ्या देत नाही.

याच धड्याची दुसरी बाजू नियमांशी निगडित आहे. मातीवरच्या निकाली, म्हणजे एकजण चितपट होईपर्यंत चालणाऱ्या कुस्तीत दम धरणे हा मोठा गुण मानला जातो. खडाखडी करीत, समोरच्याचा श्वास ओळखत, त्याचा कब्जा सैल पडेपर्यंत वाट पाहणारा पैलवान जाणकारांना आवडतो, आणि खासबागेच्या मैदानात बसलेला म्हातारा प्रेक्षक त्या वाट पाहण्यालाही दाद देतो. हाच पैलवान मॅटवर गेला की चित्र पालटते. तेथे तीन-तीन मिनिटांची दोन सत्रे, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती, आणि पहिली दोन मिनिटे गुणाविना गेली तर पंच एकाला निष्क्रिय ठरवून तीस सेकंदांची मुदत देतात. त्या मुदतीत कोणीच गुण घेतला नाही तर समोरच्याच्या खात्यात एक गुण जमा होतो. मातीत ज्याला संयम म्हणतात त्याची येथे अशी किंमत मोजावी लागते. म्हणून एखादा प्रेरक लेखक ‘धीर धरा’ किंवा ‘तुटून पडा’ असे सांगतो तेव्हा तो कोणत्या नियमांखाली लढत होता हे आधी पाहावे. तुमच्या तालमीतील मुले शालेय स्पर्धेला जाणार असतील तर ती मॅटवरच लढणार आहेत, आणि गावच्या जत्रेत मातीवर. दोन्हीकडे एकच उपदेश चालणार नाही.

पराभवाला गुरू मानण्याचा धडा मला चारांत सर्वांत मोलाचा वाटतो, परंतु पुस्तके तो जसा सांगतात तसा नव्हे. पराभव आपण होऊन काही शिकवीत नाही. हरलेला मुलगा बहुतेक वेळा एवढेच शिकतो की पंचाने पक्षपात केला. या बाबतीत कोल्हापूरकरांनी खाशाबा जाधवांची कहाणी नीट वाचावी. गोळेश्वरचे खाशाबा येथे राजाराम महाविद्यालयात शिकत होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात उतरले आणि सहावे आले. मातीवर घडलेल्या या मल्लाला मॅट आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम जवळजवळ नवे होते. लंडनमध्ये त्यांना रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाचे मार्गदर्शन लाभले. त्यानंतरची चार वर्षे आपण भाषणांमध्ये एका वाक्यात ओलांडतो आणि थेट १९५२ च्या हेलसिंकीवर येतो, जेथे त्यांनी बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक देशाला दिले. शिकण्यासारखे जे आहे ते त्या ओलांडलेल्या चार वर्षांत आहे. लंडनमध्ये आपण कोठे कमी पडलो याचे उत्तर त्यांना मिळाले होते, आणि ते ‘जिद्द कमी पडली’ असे ढोबळ नव्हते. पृष्ठभाग वेगळा होता, नियम वेगळे होते, प्रतिस्पर्धी वेगळ्या ढंगाने लढत होते, आणि या तिन्ही गोष्टींवर काम करता येण्याजोगे होते.

तुम्ही शिकवू लागाल तेव्हा हरलेल्या मुलाशी लगेच पराभवाविषयी बोलू नका. त्याला पाणी द्या, कपडे बदलू द्या, रडायचे असेल तर रडू द्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्याला नेमके विचारा की पहिला गुण कोणत्या क्षणी गेला आणि तेव्हा तुझा पुढचा पाय कोठे होता. आता प्रत्येकाच्या खिशात चित्रीकरण करणारा मोबाइल असल्यामुळे याचे उत्तर दोघांनी मिळून पाहता येते. दहांपैकी आठ मुले मानेची पकड गेली असे सांगतात, आणि चित्रफितीत दिसते की मान नंतर गेली. त्याआधी पाय जोडले गेले होते आणि अंगाचा भार टाचांवर आला होता. मुलाने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की त्याची मान खाली जाण्याऐवजी वर येते, कारण आता त्याच्यापुढे दुरुस्त करता येणारी एक गोष्ट असते. पुस्तकातील लेखकालाही त्याचा पराभव असा कोणीतरी उलगडून दाखवला असणार. ते पान शोधा, आणि तो माणूस कोण होता हे पाहा.

सर्वस्व पणाला लावण्याच्या धड्याला माझा सरळ विरोध आहे, निदान मुलांच्या बाबतीत. खाशाबांचेच उदाहरण घ्या. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता. लोकांनी वर्गणी दिली, आणि राजाराम महाविद्यालयाच्या तत्कालीन प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकिकत कोल्हापुरात घरोघरी सांगितली जाते. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून ते कर्ज फेडायला हातभार लावला, असेही सांगतात. येथे पणाला काय लागले आणि कोणाचे लागले, ते नीट पाहा. एका जाणत्या माणसाने, एका परिपक्व, आधीच एक ऑलिंपिक लढलेल्या मल्लासाठी, पूर्ण विचारांती स्वतःचे घर गहाण ठेवले. बारा वर्षांच्या मुलाची शाळा सोडवून, वडिलांनी अर्धा एकर विकून त्याला खुराक लावणे याच्याशी या हकिकतीचा काही संबंध नाही, आणि तरी अशा जमिनी विकल्या जाताना आपल्या भागात अधूनमधून ऐकायला येते. पदकानंतरचे खाशाबांचे आयुष्यही ध्यानात ठेवावे. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले आणि पुढे नोकरीच्या आधारावरच संसार केला. १९८४ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. प्रेरक पुस्तक विजयमंचावर संपते. मुलगा त्यानंतर चाळीस वर्षे जगणार असतो.

आपल्याच जिल्ह्यातील ताजे उदाहरण राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांचे आहे. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून २००९ मध्ये ते नेमबाजीकडे वळले, २०१५ पासून मध्य रेल्वेत नोकरी करू लागले, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. पंधरा वर्षे गेली, आणि त्यांतील बरीच वर्षे पगाराच्या आधारावर गेली. पाळीची नोकरी करीत खेळाशी नाते ठेवणे हे कमी प्रतीचे समर्पण आहे असे तुम्हाला त्या पुस्तकामुळे वाटत असेल, तर ते मनातून काढून टाका. कुसाळे यांच्या मार्गदर्शक दीपाली देशपांडे या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळल्या होत्या आणि तेथे त्यांना पदक मिळाले नव्हते. पदकाशिवाय परतलेली एक ऑलिंपिकपटू वीस वर्षांनी शिष्याच्या पदकामागे उभी राहते, हा प्रवास तुमच्या चार धड्यांत कोठेच बसत नाही, आणि तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचा तोच आहे.

आता उत्तरार्धाकडे वळतो. खेळाडूला प्रशिक्षक होताना पहिली कोणती गोष्ट सोडावी लागत असेल, तर ती म्हणजे स्वतःचा लाडका डाव. ज्याने ढाकेवर मैदाने मारली तो नव्या मुलांना ढाकच शिकवतो, जो घिस्स्यावर नाव कमावतो त्याची सगळी तालीम घिस्सा मारू लागते. बाहेरच्या माणसाला ती त्या तालमीची परंपरा वाटते. प्रत्यक्षात मुलाची उंची, पायांची लांबी, पाठीची लवचीकता आणि स्वभाव पाहून डाव निवडावा लागतो. आखूड बांध्याच्या, पायाने चपळ मुलाला एकेरी पट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा एक पाय धरून त्याला पाडण्याचा डाव, लवकर साधतो. त्याला हे शिकवताना पाहण्याच्या गोष्टी अगदी बारीक असतात : आत शिरताना पुढचा गुडघा प्रतिस्पर्ध्याच्या दोन्ही पायांच्या मधोमध पडतो का, डोके बाहेर लोंबकळते की बरगडीला आतून टेकते, पाठ सरळ राहते की वाकते, आणि पाय हाती आल्यावर तो तेथेच घुटमळतो की लगेच कोन बदलतो. डोके बाहेर राहिले की समोरचा मानेवर बसतो. हे चार दोष एकदम सांगितले तर मुलगा गोंधळतो. आठवडाभर फक्त डोके पाहा, बाकीच्या चुका दिसल्या तरी गिळा. तुम्ही स्वतः चपळ पैलवान असाल तर हे गिळणे फार जड जाते, कारण तुमच्या शरीराला ते सगळे एकाच वेळी येत असते आणि समोरच्याला का येत नाही हेच उमगत नाही.

अधू गुडघ्याचा येथे तुम्हाला एक अनपेक्षित फायदा होईल. ज्या वस्तादाला स्वतः करून दाखवता येते तो करून दाखवतो आणि मोकळा होतो. मुले त्याच्याकडे थक्क होऊन पाहतात आणि विशेष काही शिकत नाहीत. तुम्ही गुडघ्यावर उतरूच नका. दोन थोराड मुलांना जोड म्हणून उभे करा आणि शब्दांनी, हाताने दिशा देत डाव बांधून घ्या. काय पाहायचे आणि ते कोणत्या शब्दांत सांगायचे हे त्यामुळे तुम्हाला आपोआप ठरवावे लागेल. गणपतराव आंदळकर यांचे नाव आपल्या जिल्ह्यात अजून आदराने घेतात. पुनवतचा हा मल्ल कोल्हापूरच्या तालमीत घडला, १९६० मध्ये हिंदकेसरी झाला, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य घेऊन आला, १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिक लढला. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात घालायला बंदी असते, म्हणजे पटासारखे डाव तेथे बादच होतात; मातीतून आलेल्या मल्लाला तेथे आपली अर्धी शिदोरी बाहेर ठेवूनच उतरावे लागते. पुढे मोतीबाग तालमीत त्यांनी मल्लांच्या पिढ्या घडवल्या. माझ्या मते, एवढ्या निरनिराळ्या नियमांखाली लढलेला माणूस स्वतःच्या एकाच डावाच्या प्रेमात अडकून राहत नाही, आणि शिकवताना ते फार उपयोगी पडते.

लढतीच्या मधल्या तीस सेकंदांविषयीही लिहितो, कारण आत्मकथनांत हा क्षण नेहमी जळजळीत वाक्यांनी भरलेला असतो. प्रत्यक्षात धापा टाकणाऱ्या मुलाच्या कानात पहिले दहा सेकंद काहीच शिरत नाही. त्याला बसवा, टॉवेलने तोंड आणि मान पुसा, श्वास लांब सोडायला लावा. मग एकच वाक्य बोला, आणि त्यात कृती असू द्या : ‘उजवीकडून फिर’, ‘त्याचा डावा हात धरून ठेव’, ‘शेवटच्या मिनिटापर्यंत पट मारू नकोस’. ‘आई-वडिलांची शान राख’ हे वाक्य येथे हमखास ऐकू येते; त्याने मुलाच्या पायात गोळे येण्यापलीकडे काही होत नाही. उरलेल्या सेकंदांत गप्प राहा. काठावरून अखंड ओरडणारे प्रशिक्षक तुम्ही पाहिले असतील. त्यांची मुले लढत असताना वळून वळून काठाकडे पाहतात, आणि तेवढ्यात पाय जातो.

मोठे पदक नसताना वस्ताद व्हावे का, या प्रश्नाचे उत्तर आता वेगळे देण्याची फारशी गरज उरलेली नाही. तरीही एक गोष्ट सांगतो. सचिन तेंडुलकर यांना घडवणारे रमाकांत आचरेकर स्वतः केवळ एक प्रथम श्रेणी सामना खेळले होते. दुसरीकडे पुल्लेला गोपीचंद यांच्यासारखे २००१ ची ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकलेले, दुखापतींनी जेरीस आलेले खेळाडूही उत्तम प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखालच्या सायना नेहवालने २०१२ मध्ये ऑलिंपिक कांस्य आणि सिंधूने २०१६ मध्ये रौप्य मिळवले. पदक असणे वाईट नाही, त्याने तालमीत मुले येतात आणि देणगीदार ऐकतात. मुले टिकतात ती मात्र दुसऱ्या कारणांनी. मल्लविद्येत तर ही साखळी हातातून हातात जाते : हरिश्चंद्र बिराजदार यांच्या तालमीत काका पवार घडले, आणि त्या दोघांच्या हाताखालून राहुल आवारे पुढे आले, ज्यांनी २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचे सुवर्ण घेतले. अशा साखळीतील प्रत्येक कडी प्रसिद्ध नसते. मुलाला पहिला लंगोट बांधायला शिकवणारा गावचा वस्ताद बहुधा कोणत्याच पुस्तकात येत नाही, आणि त्याची जागा रिकामी असली तर पुढच्यांपर्यंत मुलगा पोचतच नाही.

सुरुवात करायची ठरवलीत तर वजनाच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून कडक राहा. रात्रीत तीन किलो घाम गाळून गट गाठल्याच्या कथा प्रेरक पुस्तकांत शौर्यासारख्या लिहिलेल्या असतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट अंतिम फेरीत पोचूनही दुसऱ्या सकाळच्या वजनात ५० किलोंपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरल्या आणि बाद झाल्या. जगातील उत्तम तज्ज्ञ सोबत असताना हे होते, तर गावातील तेरा वर्षांच्या मुलाला उपाशी ठेवून कमी वजनाच्या गटात घुसवणे हा शुद्ध अघोरीपणा आहे. वाढत्या मुलाला त्याच्या नैसर्गिक वजनाच्या गटात लढवा, हरला तरी चालेल. खुराकाच्या नावाखाली व्यायामशाळेत मिळणाऱ्या डब्यांनाही तालमीच्या दारात मज्जाव करा. उत्तेजक सापडले तर ते कोणी दिले हे कारण चालत नाही, जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. दूध, डाळ, अंडी, भाकरी आणि परवडेल तेव्हा बदाम एवढ्यावर शालेय वयाचे भागते.

आठवड्यातील तीन सायंकाळी तुमच्या पाळीत बसत असतील तर तेवढ्याच घ्या, आणि सुरुवातीला मोजकी मुले घ्या. मुली आल्या तर त्यांच्यासाठी कपडे बदलण्याची स्वतंत्र जागा आणि तालमीत एका जबाबदार महिलेची उपस्थिती याची व्यवस्था आधी करा, मग प्रवेश द्या. तालमीच्या मंडळींना मॅटसाठी वर्गणी काढायला लावा, पण माती मोडू नका. ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून उकरलेल्या मातीत पडायला शिकलेला मुलगा पडण्याला भीत नाही. जवळच्या एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाशी बोलून ठेवा, म्हणजे दुखापत झाल्यावर धावाधाव होणार नाही. वर्षभर शिकवून झाल्यावर हे काम आपल्याला मानवते असे वाटले, तर पटियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करा. रजा साठवून तो नोकरीतही जमवता येतो. पदवी पूर्ण असेल तर त्याच संस्थेची प्रशिक्षण पदविकाही पुढे खुली आहे, पण ती पूर्ण वेळाची असल्यामुळे तेव्हा नोकरीचा विचार वेगळा करावा लागेल. आणि त्या आधी, येत्या रविवारी, स्वतःच्या गुडघ्याची तपासणी करून घ्या, कारण मुलांच्या धक्क्याधक्कीत उभे राहायचे तरी मांडीत ताकद लागते.